मॉडेल इंजिनांना चालते हेडलाइट: वीज कुठून घ्यायची, उजेड कुठे अडवायचा

कुळेघाट

चवथ जवळ आली की देखाव्यातल्या आगगाडीला दिवा कसा लावायचा, ही विचारणा गोव्यातल्या ग्रुपांवर सुरू होते. उत्तर बहुतेक एका ओळीचं मिळतं: एलईडी लाव, एक के (हजार ओहमचा) रेझिस्टर टाक. तेवढ्यावर दिवा लागतो खरा, पण गाडी हळू झाली की विझतो, रुळाच्या सांध्यावर मिचमिचतो आणि बॉडीच्या फटींतून चारही बाजूंनी उजेड झिरपतो. म्हणून सगळं एका जागी लिहितो. समोर एचओ म्हणजे १:८७ मापाची इंजिनं धरली आहेत. याहून लहान एन मापात रीत तीच, जागा मात्र फारच कमी.

एलईडी हातात घेण्याआधी दोन तपासण्या करा.

पहिली, लेआउट साध्या डीसीवर आहे की डीसीसीवर. डीसीत रुळावर ० ते १२ व्होल्ट असतात आणि ध्रुव पालटला की दिशा पालटते. डीसीसीत रुळावर कायम १४ ते १६ व्होल्टच्या आसपासचा, सेकंदाला हजारो वेळा ध्रुव पालटणारा सिग्नल असतो. वेग, दिशा आणि दिवे इंजिनातला डिकोडर नावाचा छोटा सर्किट बोर्ड सांभाळतो. डीसीसाठी जोडलेले दिशेप्रमाणे लागणारे दिवे डीसीसीच्या रुळावर ठेवले तर पुढचा आणि मागचा दोन्ही सतत पेटलेले राहतात.

दुसरी, चासीत वीज खेळते का. मीटर कंटिन्युइटीवर ठेवून एक टोक चाकाला आणि दुसरं धातूच्या चासीला लावा. दोन्ही बाजूंच्या चाकांनी करून पाहा. जुन्या बनावटीत एका बाजूची चाकं सरळ चासीला जोडलेली असतात आणि बल्बचा एक पाय चासीवरच टेकलेला असतो. डीसीवर हे चालून जातं. डीसीसीत मोटरचा एक ब्रश चासीला टेकलेला राहिला, तर वीज देताच डिकोडर जातो. त्यामुळे ब्रशखाली पातळ प्लॅस्टिक किंवा कॅप्टन टेप (Kapton, उष्णता सोसणारी आणि वीज न वाहणारी) घालून मोटर पूर्ण वेगळी करा, मीटरने खात्री करा आणि मगच पुढे चला.

आता डीसीची साधी जोडणी. एका रुळाकडून येणारी वायर → १ के रेझिस्टर → पुढचा एलईडी → दुसऱ्या रुळाची वायर. मागचा एलईडी याच दोन बिंदूंमध्ये, पण उलट ध्रुवाने. दोघांना मिळून एकच रेझिस्टर पुरतो, कारण एका वेळी एकच पेटतो. या उलट-सुलट जोडीचा आणखी एक फायदा आहे. एलईडीला उलट दिशेने साधारण ५ व्होल्टच सोसतात आणि रुळावर १२ असतात. जोडीत असताना पेटलेला एलईडी विझलेल्यावरचा उलटा दाब ३ व्होल्टच्या आसपास रोखून धरतो. फक्त पुढचाच दिवा बसवणार असाल तर हे संरक्षण नसतं. तेव्हा ओळीत एक १एन४१४८ डायोड घाला.

थिवीकर

रेझिस्टरचं गणित इथेच मांडतो, म्हणजे प्रत्येकाला स्वतःच्या सर्किटसाठी करता येईल. पांढऱ्या एलईडीवर ३ ते ३.२ व्होल्ट पडतात. उरलेले व्होल्ट भागिले हवा तो करंट, म्हणजे रेझिस्टर.

डीसीवर १२ व्होल्ट, त्यातून एलईडीचे ३ आणि डायोड असल्यास ०.७ वजा केले की उरले ८.३. १ के घातला तर ८ मिलिअँपिअरच्या थोडं वर. डीसीसीत डिकोडरच्या निळ्या, म्हणजे दिव्यांच्या सामाईक धन वायरवर साधारण १४ धरा: ११ भागिले १ के म्हणजे ११ मिलिअँपिअर, २.२ के ने ५, ४.७ के ने सव्वादोनच्या पुढे.

पाकिटावर २० मिलिअँपिअर छापलेलं असतं ती वरची मर्यादा आहे, तेवढा करंट द्यायलाच हवा असं नाही. आजच्या ०६०३ मापाच्या पांढऱ्या एलईडीला २ ते ३ मिलिअँपिअरमध्ये भरपूर उजेड येतो. १:८७ च्या गाडीचा दिवा समोर बघणाऱ्याचे डोळे दिपवू लागला की ती गाडी खेळणं वाटते. डीसीसीवर मी ४.७ के पासून सुरुवात करायला सांगेन. कमीच वाटला तर ३.३ के. डीसीवर मात्र १ के च बरा, कारण तिथे बहुतेक वेळ रुळावर ५-६ व्होल्टच असतात आणि ४.७ के ने दिवा दिसणारच नाही.

ताकदीची काळजी नको. ११ व्होल्ट गुणिले ५ मिलिअँपिअर म्हणजे ५५ मिलिवॅट. पाव वॉटचा रेझिस्टर चालतो, जागा नसेल तर एक अष्टमांश वॉटचाही.

दोन दिवे समांतर जोडून दोघांना एकच रेझिस्टर देऊ नका. दोन एलईडींचे व्होल्ट किंचित वेगळे असतात. कमी व्होल्टवाला जास्त करंट ओढतो आणि जुळ्या दिव्यांपैकी एक मंद दिसतो. डीसीसीत जुळे दिवे ओळीत जोडा: ६ व्होल्ट एलईडींचे, ८ उरले, २.७ के ने ३ मिलिअँपिअर, आणि दोघांचा उजेड सारखा. डीसीत हेच केलं तर ६ व्होल्टच्या वर जाईपर्यंत दिवे लागणारच नाहीत. तिथे प्रत्येकाला स्वतःचा रेझिस्टर द्या.

सांगे_सर्किट

थिवीकरांनी डीसीच्या कमी व्होल्टचा मुद्दा काढलाच आहे, त्याचा उपाय लिहिते. चांगली मोटर ३ व्होल्टच्या आसपास हलू लागते. एलईडीलाही तेवढेच लागतात, वर डायोडचे ०.७. म्हणजे इंजिन अंधारात सुटतं आणि वेग घेतल्यावर दिवा लागतो. खऱ्या गाडीत असं होत नाही, बघणाऱ्याला ते लगेच खटकतं.

उपाय मोटरच्या वायरीत आहे. मोटरकडे जाणाऱ्या एका वायरीत १एन४००१ डायोड घाला: दोन ओळीत एका दिशेने, आणि त्यांना समांतर दोन ओळीत उलट दिशेने. आता कोणत्याही दिशेने मोटरला रुळापेक्षा १.४ व्होल्ट कमी मिळतात. दिव्याची वायर या डायोडांच्या आधी, थेट पिकअपवरून, म्हणजे चाकांवरून वीज घेणाऱ्या पत्तीवरून घ्या. मोटर ३ ला हलत असेल तर रूळ ४.४ वर जाईपर्यंत ती थांबून राहते आणि तोवर दिवा पेटलेला असतो. प्रत्येक दिशेला चार-चार डायोड घातले तर फरक २.८ व्होल्टचा. कमाल वेग तेवढा कमी होतो, पण बहुतेक मॉडेल इंजिनं मुळातच फार पळतात, त्यामुळे नुकसान काही नाही. हे डायोड एक अँपिअरचे असतात, एचओ मोटरला पुरतात. थोडे तापतात म्हणून प्लॅस्टिकच्या बॉडीला चिकटवू नका, चासीच्या बाजूला ठेवा आणि पाय उघडे सोडू नका.

दिव्याच्या ओळीतल्या डायोडसाठी १एन४१४८ ऐवजी शॉट्की प्रकारचा डायोड वापरला, उदाहरणार्थ १एन५८१७, तर ०.७ चे ०.३ च्या आसपास होतात. कमी वेगात तेवढ्यानेही फरक पडतो. फक्त १एन५८१७ ची उलटी सहनशक्ती २० व्होल्टच आहे, त्यामुळे तो १२ व्होल्ट डीसीपुरताच. जास्त दाबाच्या ठिकाणी १एन५८१९ घ्या, तो ४० चा आहे.

आणि वेगनियंत्रक पीडब्ल्यूएम प्रकारचा असेल तर अर्धा प्रश्न सुटलेलाच असतो. त्यात रुळावर कमी व्होल्ट जात नाहीत, पूर्ण १२ व्होल्टचे तुटक ठोके जातात. गाडी उभी असतानाच दिवा मंद पेटतो. कोअरलेस मोटरच्या इंजिनांना मात्र कमी वारंवारतेचा पीडब्ल्यूएम देऊ नका, मोटर तापते.

पेडणे_बोगदा

देखाव्यात एकच लंबगोल रूळ, गाडी एकाच दिशेने फिरणार, १२ व्होल्टचा अडॅप्टर आणि पीडब्ल्यूएम नियंत्रक. तीन शंका. गेल्या चवथीच्या विजेच्या माळेतले एलईडी काढून वापरले तर चालतील का? सांध्यावर दिवा मिचमिचतो त्याला काय करावं? आणि रोज कित्येक तास चालवायची आहे, तर एलईडी टिकेल का?

सांगे_सर्किट

माळेतला एलईडी कापून वापरायला हरकत नाही. पांढराच आहे ना हे सीआर२०३२ च्या बटण सेलवर लावून बघा. सेलचा आतला रोध पुरेसा असल्याने त्या क्षणापुरता रेझिस्टर लागत नाही, आणि कोणता पाय धन हेही कळतं. त्याची कमाल मर्यादा माहीत नसते म्हणून ५ मिलिअँपिअरच्या वर नेऊ नका. तेवढ्या करंटवर चवथीचे सगळे दिवस अखंड चालवला तरी एलईडीला काही होत नाही, आधी मोटरचे ब्रश झिजतील.

पण माळेचा कंट्रोलर किंवा तिची वायर रुळाच्या आसपासही आणू नका. घरच्या २३० व्होल्टवर थेट चालणाऱ्या माळांत ट्रान्सफॉर्मर नसतो. ती कमी व्होल्टची दिसली तरी तिच्या प्रत्येक वायरीवर मेन्सचा दाब असू शकतो. देखाव्यासमोर मुलं उभी असतात आणि रूळ उघडा असतो. रुळाला वीज नेहमी आयसोलेटेड, म्हणजे मेन्सपासून पूर्ण वेगळ्या केलेल्या अडॅप्टरचीच द्या.

मिचमिच दोन कारणांनी होते: चाक आणि रूळ मळलेले असतात, किंवा वीज घेणारी चाकं कमी असतात. पहिल्याला उपाय आयसोप्रोपाइल अल्कोहोल, लिंट न सुटणारं कापड आणि नियमितपणा. सँडपेपर लावू नका. त्याने रुळावर बारीक चरे पडतात आणि त्यात मळ आणखी लवकर बसतो. आपल्याकडे पावसाळ्यात पितळी रूळ दोन-तीन दिवसांत काळवंडतो, निकेल सिल्व्हरचा बराच काळ ठीक राहतो. नवा रूळ घेणार असाल तर निकेल सिल्व्हरचाच घ्या.

दुसऱ्याला उपाय जास्तीच्या पिकअप पत्त्या. इंजिनाच्या चारच चाकांतून वीज येत असेल तर उरलेल्या चाकांच्या मागच्या बाजूला पातळ फॉस्फर ब्रॉन्झची तार हलकी टेकवा. जोर जास्त दिला तर चाक घसरतं, कमी दिला तर संपर्क तुटतो.

हे दोन्ही झाल्यावर कपॅसिटर. डीसीत, दिशा सांभाळून, असा: रूळ अ → डायोड → कपॅसिटरचं धन टोक. तिथूनच रेझिस्टर → एलईडी → रूळ ब. कपॅसिटरचं ऋण टोक रूळ ब ला. मागच्या दिव्यासाठी हेच सगळं रूळ अ आणि ब ची अदलाबदल करून. २२० मायक्रोफॅरड, २५ व्होल्टचा घ्या. ५ मिलिअँपिअरच्या भारावर तो साधारण एक पंचमांश सेकंद तग धरतो. सांध्यावरचा किंवा पॉइंटवरचा (रूळ फुटतात त्या जागेवरचा) खंड त्याहून लहान असतो. दिशा बदलल्यावर जुना दिवा चटकन न विझता हळूहळू विझतो आणि दिसायला छान दिसतं. डायोड विसरू नका. तो नसेल तर कपॅसिटर मोटरला वीज पुरवत बसतो, आणि उलट ध्रुव आला की फुगतो किंवा फुटतो.

हे सर्किट डीसीसीच्या रुळावर वापरू नये. तिथे कपॅसिटर डिकोडरशीच जोडायचा असतो, त्याच्या पुस्तिकेत दाखवलेल्या जागी.

म्हापसा_कथील

सोल्डरिंगबद्दल. ०६०३ चा एलईडी १.६ बाय ०.८ मिलिमीटरचा असतो, ०४०२ चा १ बाय अर्धा. पहिल्यांदा करणाऱ्याने ०६०३ च घ्यावा. जागा असेल तर सरळ ३ मिलिमीटरचा पाय असलेला घ्या, त्याला यातलं काहीच लागत नाही.

२५ वॉटची सोल्डरिंगची इस्त्री, बारीक टोक, अर्ध्या मिलिमीटरची ६०/४० कथील तार. दुहेरी चिकट टेपवर एलईडी उलटा चिकटवा, म्हणजे तो हलत नाही. एलईडीवर बहुधा ऋण बाजूला हिरवी खूण असते, पण सगळे उत्पादक ती एकाच बाजूला देत नाहीत, म्हणून मीटरच्या डायोड मोडवर तपासा. काही मीटर त्या मोडमध्ये २ व्होल्टच देतात. त्यावर पांढरा एलईडी लागत नाही, तेव्हा तो खराब आहे असं समजू नका.

वायर एनॅमलवाली तांब्याची, ३८ किंवा ४० गेज. मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात सुट्टी मिळते. टोकाचं एनॅमल ब्लेडने खरवडू नका, तार तुटते. इस्त्रीच्या टोकावर कथलाचा थेंब घ्या आणि तारेचं टोक त्यात दोन-तीन सेकंद धरा. सोल्डरेबल प्रकारचं एनॅमल जळून तार चकाकते. चकाकत नसेल तर ती तार जाड लेपाची, उच्च तापमानाची आहे. ती या कामाला नको. मग एलईडीच्या दोन्ही पॅडवर आधी कथील चढवून घ्या आणि तार टेकवून एक सेकंद, फार तर दोन. त्याहून जास्त वेळ धरलं तर पॅड सुटतो किंवा आतला चिप जातो.

आता गोव्यासाठी खास. दुकानात डबीतली जी पेस्ट मिळते तीत बऱ्याचदा आम्ल असतं. जोड झटकन होतो, पण इथल्या दमट, खारट हवेत दोन पावसाळ्यांत तिथे हिरवी बुरशीसारखी पूड चढते आणि बारीक तार आतून खाल्ली जाते. रोझिनचा फ्लक्स वापरा आणि जोड झाल्यावर अल्कोहोल लावून जुन्या टूथब्रशने घासा. मग जोडावर पारदर्शक नेलपॉलिशचा एक हात दिला तरी पुष्कळ टिकतं. इंजिनं ठेवायच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या हव्यात आणि त्या मधूनमधून तापवून सुकवायला हव्यात.

मडगाव_यार्ड

वीज झाली, आता उजेड. हेडलाइटचं अर्धं काम उजेड अडवण्याचं आहे, आणि तेच लोक सोडून देतात.

एलईडी सगळीकडे उजेड फेकतो आणि मॉडेलची प्लॅस्टिक बॉडी अर्धपारदर्शक असते. फिकट रंगाची बॉडी तर नाकापासून छतापर्यंत कंदिलासारखी उजळते. बॉडीच्या आतून, दिव्याच्या आजूबाजूला, आधी काळा रंग द्या, तो सुकल्यावर वर पांढरा किंवा चंदेरी. काळा उजेड थांबवतो, पांढरा उरलेला पुढे ढकलतो. एकटा पांढरा कितीही थर दिले तरी उजेड थांबवत नाही. एलईडीभोवती काळी हीट श्रिंक नळी घाला, मागची बाजू काळ्या रंगाने बंद करा. मग अंधाऱ्या खोलीत इंजिन लावून सगळीकडून बघा: कॅबच्या खिडकीतून, छताच्या फटीतून, बफर बीमच्या खालून. दिवसाउजेडी गळती दिसत नाही.

जुन्या डब्ल्यूडीएम-२ डिझेल इंजिनाला कपाळावर एकच मोठा दिवा असे, पुढे जुळे दिवे आले. जुळ्यांसाठी ऑप्टिकल फायबर वापरा: बॉडीतल्या जागेवर पिन वाइसने (बोटांनी फिरवायच्या छोट्या ड्रिलने) १ मिलिमीटरची दोन भोकं, त्यात १ मिलिमीटरचे दोन अक्रिलिक फायबर, आणि आत दोघांच्या शेपट्या एकाच एलईडीवर टेकवलेल्या. एकच एलईडी असल्याने दोन्ही दिवे हुबेहूब सारखे पेटतात आणि वायर दोनच. फायबरचं बाहेरचं टोक तापलेल्या इस्त्रीजवळ, न टेकवता, क्षणभर धरलं की गोल फुगतं आणि छोट्या भिंगासारखं दिसतं. आतलं टोक नव्या ब्लेडने काटकोनात कापा. तिरपं कापलं तर उजेड अर्धाच शिरतो. फायबर तीव्र वाकवू नका, वाकल्या जागी उजेड बाहेर पडतो. भिंग किती मोठं हवं ते खऱ्या दिव्याच्या व्यासाला ८७ ने भागून काढा: १८० मिलिमीटरचा दिवा म्हणजे २ मिलिमीटरच्या किंचित वर.

भिंग किंवा फायबर चिकटवायला इन्स्टंट गोंद नको. त्याची वाफ पारदर्शक प्लॅस्टिकवर पांढरी साय धरते आणि ती निघत नाही. पांढरा लाकडाचा गोंद सुकल्यावर बऱ्यापैकी पारदर्शक होतो आणि पुढे कधी काढावा लागला तर निघतोही. यूव्ही रेझिनही चांगलं.

रंगाचं म्हणाल तर काळ ठरवा आणि मग एलईडी घ्या. कोकण रेल्वेची वाट १९९८ च्या जानेवारीत पूर्ण खुली झाली. तेव्हाची डिझेल गाडी करणार असाल तर उजेड पिवळसर हवा, २७०० ते ३००० केल्विनचा वॉर्म व्हाइट. २०२२ साली विद्युतीकरण पूर्ण झाल्यानंतरचं विजेवरचं डब्ल्यूएपी-७ इंजिन करणार असाल तर पांढरा शोभतो, कारण आता खऱ्या इंजिनांवरही एलईडी दिवे आले आहेत. हाताशी थंड पांढराच असेल तर त्यावर तामिया कंपनीचा एक्स-२६ क्लिअर ऑरेंज हा पारदर्शक रंग पातळ करून एक हात द्या. दाट दिला तर दिवा सिग्नलच्या पिवळ्यासारखा दिसतो.

थिवीकर

यार्डभाऊ, काळ्या रंगाऐवजी अॅल्युमिनियम टेप लावणारेही पुष्कळ आहेत. उजेड शंभर टक्के अडतो, लावायला सोपी.

मडगाव_यार्ड

अडतो, पण ती वीज वाहते. बॉडी चासीवर बसवताना तिची कड एलईडीच्या पायाला किंवा डिकोडरच्या पाठीला टेकली की शॉर्ट. साध्या डीसीत फार तर एलईडी जळेल, डीसीसीत डिकोडर जाईल. लावायचीच तर वर कॅप्टनचा थर द्या आणि कडा त्याने पूर्ण झाका. रंगाला ही भीतीच नाही, म्हणून माझं मत रंगाच्या बाजूने.

कुळेघाट

आता डीसीसी. डिकोडरच्या वायरींचे रंग ठरलेले असतात: लाल उजवा रूळ, काळी डावा रूळ, नारिंगी आणि राखाडी मोटर, पांढरी पुढचा दिवा, पिवळी मागचा दिवा, निळी सर्व दिव्यांचं सामाईक धन, हिरवी आणि जांभळी पुढची फंक्शनं. एलईडीचा धन पाय निळ्याला, ऋण पाय रेझिस्टरमधून पांढऱ्याला. पांढरी-पिवळी वायर वीज देत नाही, ती ऋण बाजूकडे ओढते. हे लक्षात ठेवलं की ध्रुव चुकत नाही. रेझिस्टर निळ्या वायरीत एकच घालून दोन्ही दिव्यांना वाटून देऊ नका. दोन्ही दिवे एकदम लावणारं फंक्शन नेमलं की दोघेही मंदावतात.

आठ पिनांचा एनईएम ६५२ प्लग उलटा बसला तर इंजिन धावतं, फक्त उलट दिशेने, आणि दिवे लागत नाहीत. पिनांची रचनाच अशी आहे की सहसा काही जळत नाही. निळी वायर रिकाम्या पिनेवर जाते म्हणून अंधार. वीज बंद करून प्लग फिरवा.

सहा पिनांच्या एनईएम ६५१ मध्ये, जो छोट्या इंजिनांत असतो, निळी वायरच नाही. तिथे दिव्याचं दुसरं टोक रुळाच्या एका पिकअपला जातं आणि दिव्याला सिग्नलचा अर्धाच भाग मिळतो. उजेड कमी आणि थरथरता असतो. डिकोडरवर निळ्यासाठी सोल्डरची जागा दिलेली असेल तर तिथून वेगळी वायर काढा.

दिशा चुकली तर आधी लक्षण नीट ओळखा. पुढे जाण्याचा हुकूम दिला, पुढचा दिवा लागला, पण इंजिन मागे गेलं, तर नारिंगी आणि राखाडी अदलाबदल करा. इंजिनही मागे गेलं आणि मागचाच दिवा लागला, तर सगळी जोडणी बरोबर आहे, फक्त सीव्ही २९ मध्ये (सीव्ही म्हणजे डिकोडरमधली क्रमांक दिलेली सेटिंग) १ मिळवा: ६ असेल तर ७, ३८ असेल तर ३९.

पेडणे_बोगदा

डीसीसीवर एका इंजिनाचा दिवा वेग वाढवताना चालू-बंद, चालू-बंद होतो. वायर सैल नाही, तपासली. काय असेल?

सांगे_सर्किट

वेगाच्या पायऱ्यांचा घोळ आहे. डिकोडर १४ पायऱ्यांवर आहे आणि कंट्रोलर २८ वर पाठवतो. जुन्या १४ पायऱ्यांच्या पद्धतीत वेगाच्या संदेशातलाच एक बिट दिव्याचा असतो. कंट्रोलर तोच बिट मधल्या पायरीसाठी वापरतो, त्यामुळे एकाआड एक पायरीला दिवा विझतो. सीव्ही २९ मध्ये बिट १, म्हणजे किंमत २, चालू हवा. इंजिनाचा पत्ता, म्हणजे त्याचा डीसीसी क्रमांक, छोटा असेल तर ६, मोठा असेल तर ३८. उलट प्रकार, म्हणजे डिकोडर २८ वर आणि कंट्रोलर १४ वर असेल, तर दिवा अजिबात लागत नाही आणि माणूस उगाच सोल्डर उकलत बसतो. आधी सीव्ही वाचा.

पेडणे_बोगदा

सीव्ही २९ मध्ये ४ होतं. ६ केलं, दिवा स्थिर झाला. देव बरें करूं, ताई. आता शेवटचं: ब्रागांझा घाटाचा देखावा करायचा आहे, पुढे दोन डब्ल्यूडीजी-४ डिझेल इंजिनं आणि मागून ढकलायला बँकर. एफ० (हेडलाइटचं बटण) दाबलं की सगळ्यांचेच दिवे लागतात.

कुळेघाट

कुळे ते कॅसल रॉक चढ ३७ ला १ आहे, बँकर हवेतच. कन्सिस्टमध्ये, म्हणजे एकत्र चालवायच्या इंजिनांच्या जोडगटात, सीव्ही १९ ला कन्सिस्टचा पत्ता भरा. उलट तोंडाने जोडलेल्या इंजिनासाठी त्यात १२८ मिळवा. दिव्यासाठी सीव्ही २२: बिट ० म्हणजे पुढे जातानाचा एफ०, बिट १ म्हणजे मागे जातानाचा. सर्वांत पुढच्या इंजिनाला १ द्या. दुसऱ्याला आणि बँकरांना ०, मग कन्सिस्टच्या पत्त्यावर एफ० दाबलं तरी ते अंधारातच राहतात. बँकर घाट संपल्यावर सुटून एकटा परत येणार असेल तर सीव्ही १९ ला ० करून त्याला स्वतःच्या पत्त्यावर चालवा, दिवे पुन्हा नेहमीसारखे. काही डिकोडर सीव्ही २२ मानत नाहीत. त्यांत कन्सिस्ट कंट्रोलरमध्येच बनवा आणि दिवे प्रत्येक इंजिनाच्या पत्त्यावरून बंद करा.

डब्ल्यूडीजी-४ ला कॅब एकच, त्यामुळे लाँग हूडच्या (कॅबपलीकडच्या लांब भागाच्या) टोकालाही हेडलाइट पूर्ण बसवा, तो भाग पुढे करून ही इंजिनं पुष्कळ धावतात. तिथे जागा जवळजवळ नसते. ०६०३ आणि फायबर हाच मार्ग.

मडगाव_यार्ड

यात आणखी एक घाला: मंद दिवा. स्टेशनात उभी असलेली गाडी हेडलाइट मंद करते. करमळीसारख्या स्टेशनात क्रॉसिंगला थांबलेली गाडी दाखवायची तर हे हवंच. बहुतेक डिकोडरांत एखाद्या फंक्शनला डिम नेमता येतो, सीव्ही उत्पादकागणिक वेगळे. डिमची पातळी खोलीत अंधार करून ठरवा, एक तृतीयांशच्या आसपास बरी दिसते. मार्कर दिवे त्याच एलईडीवरून फायबरने घेतले असतील तर तेही सोबत मंदावतात. त्यासाठी मार्करना वेगळा एलईडी आणि हिरवी वायर द्या. लाल-पांढरा दुरंगी वापरणार असाल तर सामाईक धन पायाचा घ्या आणि लालला वेगळा रेझिस्टर, कारण त्यावर २ व्होल्टच पडतात: १४ मधून २ गेले, १२ उरले, ३ मिलिअँपिअरला ३.९ के.